इंदूचं नाक

माझी बायको इंदू कपडे हाताने नाही, नाकाने धुवायची. बादलीत कोमट पाणी, पाण्यात पावडर, पावडरीत कपडा, आणि बादलीवर वाकून बसलेली ही. पदर मागे खोचलेला, डोळे मिटलेले, हात कोरडे. नवीन माणसाला वाटायचं, बाईला भोवळ आली. पाच-सात मिनिटांनी तिच्या नाकपुड्या हलायच्या आणि ती म्हणायची, "उठली." म्हणजे पावडर उठली. मग अर्धा तास त्या बादलीला कुणी हात लावायचा नाही. मी नाही, पोरीने नाही, आलेल्या पाहुण्यानेही नाही. माझ्या मेहुण्याने एकदा त्या बादलीत पाय बुडवला, तर त्याला जेवणाआधी उठवून परत पाठवायला निघाली होती.

इंदूला जाऊन आता पाच महिने होतील. गेलेल्या माणसाबद्दल लोक गोड बोलतात. दहाव्याला तर इतकं गोड बोलले की मला वाटलं, हे चुकून दुसऱ्या कुणाच्या दहाव्याला आलेत. इंदू गोड नव्हती. तिला एका जागी बसता यायचं नाही. जेवताना तीनदा उठायची. कुणाच्या कपड्यावर डाग दिसला की त्या माणसाचं बोलणं तिला ऐकू यायचं नाही, नुसता डाग दिसायचा. मी चौथी शिकलेला, मला सजवून सांगता येत नाही. पण ज्यांनी तिला बघितलं नाही त्यांना ती होती तशी कळावी, म्हणून लिहायला बसलोय. बसवत नाही. मघापासून दोनदा उठून आलो.

इंदू चिखली गावातली. मी आष्टीकडचा. तिच्या चुलत्याच्या चाळीत भाड्याने राहायला आलो आणि दीड वर्षात जावई झालो. लग्नानंतर आम्ही दोघं एकाच कंपनीत लागलो. चाकणच्या रस्त्याला पत्र्याची शेड होती, कपडे धुवायची पावडर बनायची. नाव सांगत नाही, ती आता बंद झाली, पत्रेसुद्धा निघाले. मी मिक्सरवर, इंदू झाडूपोछ्याला. मिक्सर म्हणजे आडवं लोखंडी पिंप, आत पाती फिरतात. एका वेळी जेवढा माल फिरतो त्याला आम्ही घाणा म्हणायचो.

त्या मालातल्या दोन गोष्टी सांगाव्या लागतील, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक ब्लीच. पांढरं, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं. चहाचा, डाळिंबाचा डाग तेच काढतं, पण त्याला जवळजवळ उकळतं पाणी लागतं. आपल्याकडे कपड्याला उकळतं पाणी कोण घेतो? म्हणून दुसरा माल, ॲक्टिव्हेटर. मोहरीएवढे निळे दाणे. थोडेसेच टाकायचे, पण ते पडले की तेच ब्लीच कोमट पाण्यात कामाला लागतं. पुडा फोडल्यावर लोकांना निळे दाणे शोभेचे वाटतात. शोभेचे नाहीत. आमच्याकडे सगळ्यात महाग माल तोच, आणि सगळ्यात नाजूक. ओल लागली की मेला.

हे सगळं लॅबच्या रेवती मॅडमनी एकदा आम्हा कामगारांना उभं करून समजावून सांगितलं. मॅडम नुकत्याच कॉलेजातून आलेल्या, आवाज बारीक, पण शिकवायची हौस मोठी. त्यांचं संपल्यावर मागे पोछा धरून उभी असलेली इंदू म्हणाली, "म्हंजी ह्ये ब्लीच आमच्या मालकावानी हाय. आंगात ताकद हाय, पन कुनी हाक मारल्याबिगर खाटंवरनं उठत न्हाई." सगळी शेड हसली. पुढे कितीतरी दिवस मला गेटवरचा वॉचमनसुद्धा विचारायचा, "काय ब्लीचराव, उठलात का?" मी घरी येऊन इंदूवर ओरडलो. ती म्हणाली, "खोटं बोलले का मी?" झालं. तिचं भांडण इथेच संपायचं.

तिच्या नाकाचा शोध मॅडमनीच लावला. लॅबमध्ये पुसायला गेली असताना टबाजवळ थांबली आणि म्हणाली, "मॅडम, ह्या टबाचा वास आंबूस येतोय, त्या टबाचा न्हाई. दोन्हीत एकच हाय का?" दोन्हीत एकच नव्हतं. दुसऱ्या टबात मॅडमनी मुद्दाम बिनदाण्याची पावडर टाकली होती. निळे दाणे ब्लीचला उठवतात तेव्हा शिरक्यासारखा वास सुटतो, अगदी हलका. मला आयुष्यात तो टबावर वाकूनही कधी आला नाही. मॅडमलाही नीट यायचा नाही. इंदूला दारातून यायचा. महिन्याभरात झाडू सुटला आणि ती लॅबमध्ये गेली.

तिथलं काम तिने स्वतःच्या पद्धतीने लावून घेतलं. सकाळी आल्या आल्या पातेलंभर चहा उकळायचा, दूध नाही, साखर नाही, काळाकुट्ट. त्यात पांढरं सुती कापड भिजवून सावलीत वाळवायचं. हाताएवढे तुकडे करायचे. प्रत्येक घाण्यातली पावडर घेऊन एकेक तुकडा अर्धा तास भिजवायचा आणि न धुतलेल्या तुकड्याशेजारी ठेवून बघायचं. डाग गेला तर घाणा पास. राहिला तर नापास. गोडाऊनचा बबन एकदा ते पाणी कोरा चहा समजून प्यायला. तोंड वाकडं करून म्हणाला, "वहिनी, साखर विसरलात." इंदू म्हणाली, "भावजी, आता तुमी आतनं रंगलात. उद्या धुवायला या."

बबन आमच्या दोघांच्याही जवळचा. बायको, दोन मुली हिंगोलीकडे गावाला, आणि हा इथे एकटा खोली करून. दर रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला असायचा. इंदू त्याचा शर्ट उतरवून घ्यायची आणि तो बनियनवर जेवायचा.

कंपनीच्या शेठनी एकदा माल तपासायला बाहेरून मोठे साहेब आणले. त्यांच्याजवळ छोटं मशीन, कापडावर टेकवलं की आकडा दाखवायचं. साहेबांनी आकडा बघितला, पास म्हणाले. इंदू टबावरून मान वर न करता म्हणाली, "साहेब, ह्यो घाना पेंगतोय."

"पेंगतोय म्हणजे?"

"उठलाय, पन पुरता न्हाई. पुडा दोन महिनं दुकानात राहिला की झोपंल."

साहेब हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी जाऊन काटा तपासला. वजनकाट्याच्या ताटलीला खालून पावडर चिकटून घट्ट झाली होती, तिचंही वजन धरलं जाऊन निळे दाणे दर घाण्याला कमी पडत होते. साहेबांनी परत येऊन विचारलं, "मावशी, तुम्ही हे कुठे शिकलात?"

"मोरीत," इंदू म्हणाली, आणि पुढचा टब ओढला.

चाळीत तर तिने छळ मांडला होता. बायका नळाच्या गार पाण्यात पावडर टाकून लगेच ब्रश घ्यायच्या. ही जिन्यातून ओरडायची, "आगं, तिला उठू तर दे! झोपलेल्या मान्साकडनं काय काम करून घेती?" एका लग्नात चिखलीच्याच लॉनवर वरपक्षाच्या एका पुढाऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर रश्शाचा ओघळ गेला. इंदूने पर्समधून पावडरीची पुडी काढली, आचाऱ्याकडून कोमट पाणी आणवलं आणि त्या माणसाला बनियनवर खुर्चीत बसवलं. फोटोवाले आले, आहेर झाले, तो तसाच. "अर्धा तास दम काढा, पाव्हनं. घाई आसंल तर मळकं घाला आन जा." मी लाजून मंडपाबाहेर गेलो. सदरा निघाला म्हणतात, मी बघायला थांबलो नव्हतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. ते टाळत टाळत इथपर्यंत आलो.

बारा वर्षं मी ठेकेदाराकडे होतो. त्या दिवाळीला मला पर्मनंट करायचं ठरलं होतं, कागद मॅनेजर साहेबांच्या टेबलावर तयार होता. त्याच्या आधी पंधरा दिवस आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं शेड बघायला येणार म्हणून आदल्या दिवशी सगळी शेड पाइप लावून धुतली. मिक्सरजवळ निळ्या दाण्यांची पोती लाकडी फळीवर रचलेली असायची, जमिनीपासून वर. ती फळी मोडकी, तेलकट, बघायला घाण. मला वाटलं, पाहुण्यांना दिसायला नको. मी फळी उचलून शेडमागे टाकली आणि पोती जमिनीवर ओळीत लावली. छान दिसत होती. जमीन वरून सुकली होती, पण फटीफटीत पाणी होतं, आणि ते पाणी साधं नव्हतं, सांडलेल्या पावडरीचं होतं. पोत्यांनी ते रात्रभर ओढलं.

पाहुणे आले, बघून गेले, शाबासकी दिली. त्याच दुपारी मी पोतं उघडलं तर खालच्या अंगाला ढेकळं. आंबूस वास आला, मलाही आला, म्हणजे किती असेल बघा. बाहेर गाडी लोड व्हायला उभी, सुपरवायझर बोंबलतोय. दुसरं पोतं फोडलं, तेही तसंच. मी बाह्या न सारताच हात आत घालून ढेकळं फोडली, चाळली आणि मिक्सरमध्ये ओतली. मनात म्हटलं, थोडे ओले आहेत, एवढ्याने काय होतंय.

तासाभराने इंदू शेडमध्ये आली. हातात तुकडा, तपकिरी तसाच. ती लॅब सोडून मिक्सरपर्यंत कधी यायची नाही.

"अवो, ह्या घान्यात निळं दानं कुनी टाकलं?"

मी बघितलं तर बबन पलीकडे पुडे रचत होता. त्या दिवशी तो माझ्या मदतीला आलेला होता, हे खरं. दाणे त्याने टाकले नव्हते.

"बबनने," मी म्हणालो. "मी चहाला गेलो होतो."

"कोरडं व्हतं का?"

"त्याला विचार ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता वाकून माझा वास घेते. तिने घेतला नाही. "बरं," म्हणाली आणि गेली. घाणा नापास झाला, गाडी रिकामी गेली, शेठ फोनवर तापले. ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. मॅनेजर साहेबांनी विचारलं, दाणे कुणी टाकले? मी खाली बघत होतो. इंदूच बोलली, "बबनभावजींनी टाकलं." बबन म्हणाला, "वहिनी, मी पोत्याला हात लावला नाही हो." तो माझ्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. कारण अख्ख्या कंपनीला माहीत होतं, इंदूच्या तोंडून निघालं म्हणजे तपासून निघालं. साहेबांनीही पुढे काही विचारलं नाही. बबनला उद्यापासून येऊ नको म्हणाले. त्याने डबा उचलला आणि गेला.

रविवारी दुपारी बबन जेवायला आला नाही. इंदूने ताट वाढून ठेवलं होतं, ते झाकून ठेवलं. बसवेना म्हणून घर आवरायला लागली. खाटेमागे हात घातला तर तिला गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी सापडली. त्या दिवसाचा माझा युनिफॉर्मचा शर्ट त्यात होता. मी टाकायला नेणार होतो आणि राहून गेला होता. तिने गाठ सोडली. वास घ्यायचीही गरज पडली नाही, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतो आणि मला आला. शर्ट निळा, आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत पांढऱ्या पडलेल्या, ठिपक्या-ठिपक्यांनी.

"कोरड्या दान्यानं डाग पडत न्हाई," ती म्हणाली. "वल्या दान्यात हात घातला तरच रंग उडतो. तुमी चहाला गेलाच न्हवता."

मी म्हणालो, "दिवाळीला कागद मिळणार आहे. बारा वर्षं झाली. बबनला काय, कुठेही काम मिळेल."

तिने शर्ट परत पिशवीत घातला. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मी वास घेतला न्हवता, तुमचा शब्द घेतला व्हता. त्यो मी खरा मानला आन चार मान्सात बोलले. ह्यात माझी चूक हाय. ती मी निस्तरते."

"म्हणजे काय करणार?"

"उद्या साहेबाला शर्ट दाखिवते."

"इंदू, नवरा मोठा की पावडर?"

"नवरा मोठाच हाय," ती म्हणाली. "म्हनून तर लाज वाटती. परक्याची वाटली नसती."

सोमवारी तिने ती पिशवी मॅनेजर साहेबांच्या टेबलावर ठेवली, माझ्या कागदाच्या शेजारीच. मला बोलावलं. साहेब म्हणाले, "दगडू, खरं काय?" शर्ट समोर होता. काय सांगणार? सांगितलं. कागद ड्रॉवरमध्ये गेला, परत कधी बाहेर आला नाही. मला मिक्सरवरून काढून पुड्यांच्या गोण्या शिवायला बसवलं. इंदू तिथूनच बबनच्या खोलीवर गेली. "चला," मला म्हणाली होती. मी गेलो नाही. तिथे ती काय बोलली ते दोघांनीही मला सांगितलं नाही. बबन बुधवारपासून कामावर आला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. फक्त त्यानंतर पोतं आणलं की आधी मोठ्याने सगळ्यांना ऐकवायचा, "बघून घ्या हो, कोरडं आहे! साक्षीला चौघं या!" शेड हसायची. मी सुई ओढत बसायचो.

वर्षभर मी इंदूशी कामापुरतं बोललो. खोटं का सांगू, राग खरा होता. बायकोने नवऱ्याला चव्हाट्यावर आणलं, असं माझा भाऊ म्हणाला, आणि मला ते पटायचं. राग उतरला तेव्हा बघितलं, तर माझ्या घरातलं काहीतरी गेलेलं होतं. ते कागदापेक्षा मोठं होतं.

इंदू माझ्यावर चिडलेली नव्हती. डबा द्यायची, अंग दुखलं तर तेल लावायची, पूर्वीसारखी चेष्टाही करायची. पण मी सांगितलेलं तपासल्याशिवाय तिचं भागायचं नाही. "गॅस बंद केला का?" "केला." ती उठून बघून यायची. "वीजबिल भरलं का?" "भरलं." पावती काढून बघायची. "सोनीच्या शाळेत जाऊन आलात का?" "आलो." दुसऱ्या दिवशी बाईंना विचारायची. टोमणा नाही, कपाळाला आठी नाही. उठायची, बघायची, येऊन बसायची. तेच लागायचं. मी तिच्या देखत गॅस बंद करून पाहिलं. खरं बोलून पाहिलं, न विचारता बोलून पाहिलं. एकदा कंपनीत पडलेली पाचशेची नोट सापडली, ती मी ऑफिसात दिली आणि घरी येऊन सांगितलं. इंदू म्हणाली, "चांगलं केलं." सकाळी ऑफिसात जाऊन विचारून आली.

आमच्या पोरीचं, सोनालीचं लग्न झालं, कंपनी बंद झाली, आम्ही म्हातारे झालो, तरी हे सुटलं नाही. एक दिवस मी वैतागून म्हणालो, "किती वर्षं झाली गं. आता तरी?"

ती गॅसपाशीच उभी होती. म्हणाली, "मला बी वाटतं इस्वास ठिवावा. ठिवते बी. पन पाय आपसूक उठत्यात, त्यास्नी काय करू?"

मी देवापुढे कधी फार काही मागितलं नाही. पण तेव्हापासून मनात एकच होतं, एकदा तरी ही बाई माझं ऐकून जागेवर बसलेली दिसावी.

मागच्या वर्षी तिचं जेवण तुटलं. आधी ॲसिडिटी म्हणाले, मग कावीळ म्हणाले, मग फोटो काढले. आम्हाला सोनालीने पिंपळे सौदागरला आपल्या फ्लॅटवर आणलं. नवव्या मजल्यावर, लिफ्ट, गॅलरी, सगळं चकचकीत. इंदूला तिथे करमायचं नाही. गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या सोसायटीच्या दोऱ्यांवरचे कपडे बघायची आणि तिथून निकाल द्यायची. "चौथ्या माळ्यावरची लगीच पिळून टाकती. पाचवीचं कापड बग, उठू देती बया." नाक गेलं होतं तिचं औषधांनी. ते तिला आजारापेक्षा जास्त लागलं होतं.

एक दिवस डॉक्टरांनी सोनालीला आणि मला केबिनमध्ये घेतलं. म्हणाले, कॅन्सर आहे, लिव्हरमध्ये पसरलाय. आता त्रास देण्यात अर्थ नाही. घरी ठेवा, दुखू नये एवढं बघू. सोनाली लिफ्टमध्ये रडली आणि खाली येईपर्यंत डोळे पुसून झाले. "बाबा, आईला हे सांगायचं नाही. इन्फेक्शन आहे, औषधाने जाईल, एवढंच. ती घाबरून आधीच जाईल. माझी शपथ घ्या." मी मान हलवली. पोरीची शपथ. मान हलवलीच.

सोनालीने घरी जाऊन तसंच सांगितलं. इंदू म्हणाली, "आसं व्हय." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला दोन दिवस अन्न गेलं नाही. हॉलमधून किचन, किचनमधून गॅलरी. जावई म्हणाला, बाबा, खाली चक्कर मारून या. खाली गेलो, वर आलो, परत खाली. वॉचमन विचारायला लागला, काका, काही हरवलंय का?

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला सोनाली औषधं आणायला गेली. घरात आम्ही दोघंच. इंदू गॅलरीत खुर्चीवर, पायाखाली उशी. मी आत-बाहेर करत होतो.

"बसा की," ती म्हणाली. "किती येरझाऱ्या घालताय."

बसलो.

"डाक्टर काय म्हनला?"

"सोनीने सांगितलं ना."

"तिनं सांगितलं. तुमाला इचारतीया."

एवढ्या वर्षांत तिने मला असं कधी विचारलं नव्हतं. ती आधी मला विचारायची आणि मग दुसरीकडे जाऊन बघायची. या वेळी आधी दुसरीकडे विचारून झालं होतं आणि मग ती माझ्याकडे आली होती. पोरीची शपथ एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ही, पिवळ्या डोळ्यांनी बघत. खोटं अगदी तोंडात तयार होतं, आणि या वेळी तर ते मायेचं होतं, त्याला कुणी नावं ठेवली नसती.

मी म्हणालो, "इंदू, औषध नाही. आतून पसरलंय. ते म्हणाले, घरी ठेवा. दिवस थोडे आहेत."

खालून स्कूलबसचा हॉर्न येत होता. मी तिच्या पायांकडे बघत होतो. आता ती फोन मागेल, फाईल मागेल, सोनी आली की तिला पकडेल, असं मला वाटत होतं. पाय उशीवर होते तसेच राहिले.

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "दुखंल का लई?"

"दुखू नये म्हणून औषध देणार आहेत. तेवढं नक्की म्हणालेत."

"मग चहा ठिवा. दोघास्नी. सोनी यायच्या आत."

सोनाली आली ती आईचा चेहरा बघूनच समजली. किचनमध्ये मला धरून म्हणाली, "काय मिळालं बाबा तुम्हाला? एवढंसं झाकता आलं नाही?" ती आजही माझ्याशी नीट बोलत नाही. ताट वाढते, गोळ्या देते, बोलत नाही. तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. इंदूने त्यानंतर दोन दिवस भाताला हात लावला नाही. ती त्यानेच लवकर गेली का? मी ते इंदूसाठी सांगितलं की माझ्यासाठी? पाच महिने झाले, हा प्रश्न मला एका जागी बसू देत नाही. गॅलरीतून हॉल, हॉलमधून गॅलरी.

एवढंच मला पक्कं ठाऊक आहे. त्यानंतर ती अठरा दिवस होती. फाईल फ्रिजवर समोरच पडलेली असायची, तिने ती मागितली नाही. जावयाला विचारलं नाही, डॉक्टरांचा फोन आला तर तो घेतला नाही. शेवटच्या आठवड्यात इंजेक्शन द्यायला एक नर्स घरी यायची, हसरी, केरळची, मराठी छान बोलायची. एक दिवस हात धरून इंदूला म्हणाली, "मावशी, काळजी करू नका हं, लवकर बऱ्या व्हाल." मी दारात उभा होतो. इंदूने तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "नगं गं पोरी. मला समदं ठावं हाय. आमच्या मालकांनी सांगितलंय."